बांगडे आत घ्या

चिसोमो आमच्या हॉस्टेलवर आली तेव्हा
तिनं समुद्र पाहिलेलाच नव्हता कधी.
तळं पाहिलं होतं, पलीकडचा काठ न दिसणारं,
लाटांचं, होड्या बुडवणारं तळं,
पण गोडं.
शिरगावच्या खाडीवर पहिल्याच दिवशी
तिनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं,
आणि कुणीतरी फसवल्यासारखं आमच्याकडे पाहिलं.

मेसच्या काकी तिला सोमू म्हणायच्या.
प्रयोगशाळेत आम्ही शेजारी बसायचो,
माशाच्या कानातला खडा चिमट्यानं काढायचा,
भिंगाखाली त्याच्यावरची वळी मोजायची.
एक वळं, एक वर्ष.
"माझ्या कानात बघ," ती म्हणायची,
"इथली किती झाली?"

दुसऱ्या डिसेंबरात इनास म्हणाला, चला आमच्याकडे.
मग वेंगुर्ल्याची एसटी, मागची सीट,
आणि मला गाडी लागत नाही असं
शपथेवर सांगणारा नौशाद,
जो राजापूरलाच उतरला
आणि परत चढला, हिरवा.

उभादांड्याला पिदादमाय दोदोल घाटत होती.
काळा गूळ, नारळाचा रस, तांदळाचं पीठ,
आणि चार तास हाताला उसंत नाही.
नाव विचारायच्या आधीच
तिनं चिसोमोच्या हातात उलथनं दिलं.
नौशाद चांदणीला पिवळा कागद चिकटवत बसला,
सांगाडा शेजारच्या नार्वेकरांच्या दिवाळीतलाच,
झिरमिळ्या तेवढ्या नव्या.
गोठ्यात पेरलेली नाचणी बोटभर वर आली होती.
मातीच्या उंटाचा मोडका पाय
इनासनं फेविकॉलनं लावला, उलटा.

"तुमच्याकडे काय असता गो नाताळाक?"
"आंबे," चिसोमो म्हणाली.

उलथनं थांबलं.
दारातल्या हापूसला नुकता मोहोर फुटत होता,
इनासचे पपा सकाळीच फवारणी करून आले होते,
त्यांनी हातातला कप खाली ठेवला.
"आंबे? डिसेंबरात?"
"पिकलेले. रस्त्यावर पडलेले. कुणी उचलत नाही.
आणि पाऊस."
बराच वेळ कुणी बोललं नाही.
देवगड असतं तर भांडण झालं असतं.

चारच्या सुमाराला तिनं घरी फोन लावला, स्पीकरवर.
तिच्या आईचा आवाज आला, आणि त्यामागे
पत्र्यावर कोसळणारा
आमच्या ओळखीचा, जुलैतला आवाज.
पिदादमाय पाठमोरी होती.
"गे बाय माझे! बांगडे भायर आसत!"
आणि धावली,
चौसष्ट वर्षांचे गुडघे घेऊन,
लख्ख उन्हात,
चटई गुंडाळत, मीठ सांडत, मांजराला हाकलत
पडवीत येऊन उभी राहिली.
मग वर बघितलं.
आभाळात कावळासुद्धा नव्हता.

चिसोमो हसत हसत जमिनीवरच बसली,
हसत हसतच आईला सांगत राहिली तिच्या भाषेत.
पलीकडे आई हसली. मग घाईघाईनं काहीतरी म्हणाली.
काय म्हणाली?
"म्हणाली, थांब, माझेही मासे बाहेर आहेत."

फोन तसाच चालू राहिला.
तिकडे पावलं, बादली, पाऊस.
इकडे दोदोल तळाला लागल्याचा वास.
चिसोमो फोन कानाला लावून ऐकत होती,
आता हसत नव्हती.
आम्ही सगळे करपलेल्या कढईकडे बघत राहिलो.
नौशादनं तिला चांदणीची दोरी धरायला दिली,
खरं तर दोरीला खिळा होता.

मध्यरात्री मिस्सेत चाल तिच्या ओळखीची निघाली,
शब्द तिनं आपले घातले, मोठ्यानं.
मी आणि नौशाद मागच्या बाकावर,
कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे
ते पुढच्या म्हातारीकडे बघून करत होतो.
म्हातारीला झोप लागली तेव्हा पंचाईत झाली.

चिसोमो आता तिच्या तळ्यापाशी असते.
पिदादमायचा मला दर नाताळात फोन येतो,
शुभेच्छा नंतर, आधी एकच:
"तिच्या गावाक पडता मा गो?"
"पडता," मी सांगते, कुणाला न विचारता.
मग उठते.
बाहेर निरभ्र. कपडे कधीचे वाळलेत.
तरी आत घेते, जरा घाईनंच.